नवी पिकअप, तोच दिवा, आणि हप्ता मात्र वेळेवर

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

जुन्नर तालुक्यातले एक वाचक आहेत, वय छत्तीस. घरची थोडी बागायत आणि जोडीला भाजीपाला वाहतूक. चौदा महिन्यांपूर्वी नवी कोरी डिझेल पिकअप घेतली, साडेदहा लाखांची. डाऊन पेमेंटसाठी बायकोचं गंठण गहाण ठेवलं, बाकी फायनान्स, महिन्याला साडेएकोणीस हजार हप्ता. दिवसा शिवारातून टोमॅटोचे क्रेट गोळा करून नारायणगावच्या मार्केटला, सीझनला आठवड्यातून दोन-तीन रात्री वाशीला. गाडी सत्तर हजार किलोमीटर झालीय. पहिल्या काही महिन्यांतच इंजिनचा दिवा लागायला लागला, घाटात दम जातो, चाळीसच्या वर पळत नाही. शोरूमच्या वर्कशॉपला "चार-पाच वेळा" नेली. कधी सॉफ्टवेअर मारलं, कधी सेन्सर बदलला, एकदा "तुमचं डिझेलच खराब" म्हणून फिल्टर-ऑइलचे पैसे यांच्याकडूनच घेतले. एकदा तर ऐन सीझनला गाडी दहा-बारा दिवस पडून होती. महिन्या-दोन महिन्यांनी परत तोच दिवा. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो सायलेन्सरमधली जाळी काढून टाकू, कटकट मिटेल. मित्र म्हणतात गाडीला गाढवं जुंपू आणि शोरूमपुढे वरात काढू. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो, आमच्याकडं असती तर कंपनीने गाडी परत घेतली असती. आणि कुणीतरी सांगितलंय की पिवळ्या पाटीच्या गाडीला ग्राहक कोर्ट नसतं. यांचा प्रश्न : "गाडी विकू, कोर्टात जाऊ का हप्तेच बंद करू? वडील म्हणतात जुनी काय वाईट होती. मी येडा बनलोय का?"

उत्तर :

दादा, आधी मला एक सांगा, ते "चार-पाच वेळा" म्हणजे चार का पाच?

चेष्टा नाही करत. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात मला एकही तारीख सापडली नाही. कुठल्या महिन्यात नेली, किती किलोमीटरला नेली, काय बदललं, गाडी कधी ताब्यात मिळाली, काहीच नाही, आणि शेवटी एक ओळ, "कागद गाडीतच कुठंतरी असतील." तुमचा राग खरा आहे, नुकसान खरं आहे, पण आत्ता जर कंपनीचा माणूस समोर बसला आणि म्हणाला की साहेब आमच्या रेकॉर्डला दोनच व्हिजिट दिसतात आणि दोन्हीला जनरल चेकअप लिहिलंय, तर तुमच्याकडं दाखवायला काय आहे? तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं यावर अडलीत म्हणून इथूनच सुरुवात केली.

आता तुम्ही गृहीत धरलेल्या एका गोष्टीकडं येऊ. तुम्ही लिहिता "कंपनीने डिफेक्ट पीस माझ्या गळ्यात मारला." असेलही. पण तुमच्याच पत्रात एक वाक्य आहे जे तुम्ही सहज लिहून गेलात, की दिवा जास्त करून गोळा करायच्या दिवसांत लागतो आणि सलग वाशी चालू असली की गाडी बरी असते. हे वाक्य फार महत्त्वाचं आहे आणि मला शंका आहे की वर्कशॉपमध्ये ते तुम्हाला कुणी विचारलंच नसेल.

बीएस सहा, म्हणजे गाडीच्या धुराचे नवे सरकारी नियम, आले १ एप्रिल २०२० ला, त्यांचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ ला. तेव्हापासून नवीन डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर बरंच सामान बसलं. त्यातलं एक म्हणजे डीपीएफ, डिझेलची काजळी गाळणारा फिल्टर, तुमचा मेकॅनिक ज्याला जाळी म्हणतोय ते बहुधा हेच. कंदिलाच्या काचेवर काजळी धरते तशी डिझेलची काजळी त्या जाळीत साठते आणि गाडी ती अधूनमधून स्वतःच जाळून टाकते, त्याला रिजनरेशन म्हणतात. सलग रस्ता मिळाला, इंजिन नीट तापलं की हे आपोआप होतं. नाही झालं तर गाडीचा कॉम्प्युटर जादा डिझेल सोडून सायलेन्सरच्या आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळायला घेतो. त्याला सलग थोडा वेळ लागतो. आता तुमचा गोळा करायचा दिवस बघा. या मळ्यात दहा मिनिटं, बंद, क्रेट भरले, चालू, पुढच्या मळ्यात पाच मिनिटं, बंद, मग मार्केटच्या रांगेत इंजिन चालू ठेवून इंच इंच पुढं. काजळी जाळायचं काम सुरू होतं आणि तुम्ही चावी फिरवता. असं बऱ्याचदा झालं की जाळी भरत जाते, दिवा लागतो, आणि शेवटी इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कापतं, त्यालाच लिंप मोड म्हणतात, म्हणजे तुमचं ते "चाळीसच्या वर पळत नाही." आणखी एक, काजळी जाळायला सोडलेलं पण न जळलेलं डिझेल थोडं थोडं ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली तर समजा की हेच चाललंय, आणि ते ऑइल तसंच ठेवू नका.

म्हणजे चूक तुमची असं म्हणतेय का मी? नाही. हे झालं असेल ही एक शक्यता आहे. दुसरी शक्यता अशी की एखादा सेन्सर, इंजेक्टर, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) खरंच खराब आहे, त्यामुळं काजळीच जास्त होतेय, आणि मग तुम्ही कशीही चालवा, जाळी भरणारच. तिसरी शक्यता की मूळ बिघाड छोटाच होता पण वर्कशॉपने दर वेळी कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड नुसता पुसला आणि गाडी हातात दिली. माझा अंदाज विचाराल तर थोडं थोडं तिन्ही असावं. पण अंदाजावर गाडी दुरुस्त होत नाही, म्हणून पुढच्या वेळी लॅपटॉप लावला की त्यातल्या कोडची प्रिंट मागायची, निदान स्क्रीनचा फोटो घ्यायचा, आणि विचारायचं की काजळी किती टक्के भरलीय, शेवटचं रिजनरेशन कधी पूर्ण झालं, किती वेळा अर्धवट तुटलं. बहुतेक गाड्यांत ही माहिती कॉम्प्युटरमध्ये असते. सर्व्हिस ॲडव्हायजर "ते आम्हाला बघावं लागेल" म्हणाला की म्हणायचं बघा, मी बसलोय.

आणि समजा तुमच्या वापरामुळंच जाळी भरत असेल, तरी शोरूमवाला सुटत नाही हे लक्षात ठेवा. तुम्ही टोमॅटो भरणारा माणूस आहात हे त्याला गाडी विकताना माहीत होतं. डिलिव्हरीला हार घातला, पेढे दिले, मोठ्या चावीबरोबर फोटो काढला, पण डॅशबोर्डवर जाळीचा हा दिवा लागला की गाडी बंद करायची नाही, सलग चालवायची, हे कुणी सांगितलं का? तुमच्या गाडीचं मॅन्युअल काढा (प्लास्टिकच्या पिशवीत, सील न फोडता असेल, पैज लावते) आणि त्या दिव्याचं पान वाचा. किती वेगाने, किती वेळ चालवायची ते तिथं दिलेलं असतं. काही गाड्यांना उभ्या गाडीत रिजनरेशन करायचं बटणही असतं, ते दाबायचं तर गाडी कडब्यापासून, पाचटापासून लांब उभी करा, सायलेन्सर भयंकर तापतो. गोळा करायच्या दिवसांत मार्केट संपलं की घरी येताना गाडी हायवेला एकदा सलग पळवून आणायची सवय लावा. आणि ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं, या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, गल्लीतल्या दुकानातलं स्वस्तातलं कॅन ओतलं तर त्याची राख जाळीत बसते आणि ती राख कुठल्याच रिजनरेशनने जळत नाही.

लोडचंही बोलू, कारण तो विषय तुम्ही शिताफीने टाळलाय. क्रेट वीस किलोचा धरतात. शंभर क्रेट भरले की दोन टन झाले, वर रिकाम्या क्रेटचं वजन. तुमच्या आरसी बुकातलं भरलेल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन यातला फरक काढा आणि बघा तुम्ही कुठं आहात. सगळेच भरतात, मला माहितीय, भाडंच तसं आहे. पण पाटा, क्लच, टायर यावर वॉरंटी मागायला गेलात की पहिला प्रश्न हाच येणार, आणि वाशीची वजनकाट्याची पावती तुमच्याच फाइलमध्ये तुमच्याच विरुद्ध बसलेली असणार. निदान हा निकाल लागेपर्यंत पासिंगइतकंच भरा, भले एक खेप जास्त पडू दे.

आता जॉबकार्ड, म्हणजे गाडी आत घेताना वर्कशॉप तुमची तक्रार लिहून घेतं तो कागद. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण पिकअप असो, ट्रॅक्टर असो नाहीतर स्कूटर, बहुतेक लोक हरतात ते इथंच. तुम्ही काउंटरवर जाता, सांगता की "घाटात लोडला गाडी पिकअप घेत नाही, दिवा लागतो, मागच्या महिन्यात पण हेच झालं होतं." समोरचा मुलगा टाइप करतो "जनरल चेकअप, वॉर्निंग लॅम्प ऑन." तुम्ही सही करता आणि चहा प्यायला जाता. त्या एका ओळीत तुमची "परत तीच तक्रार" गायब झाली. वर्षभराने कुणी कागद लावून बघितले तर पहिला दिवा, दुसरा दिवा, तिसरा दिवा यांचा एकमेकांशी काही संबंधच दिसत नाही. म्हणून सही करायच्या आधी वाचायचं आणि तुमचे शब्द घालून घ्यायचे : आधीच्या अमुक तारखेच्या जॉबकार्डची तीच तक्रार परत. तो म्हणेल सिस्टीममध्ये तेवढी जागा नाही. मग त्याच्या कॉपीवर पेनाने लिहा, खाली सही करा, फोटो काढा. गाडी आत गेली ती तारीख-वेळ, मीटरचं रीडिंग, बाहेर आली ती तारीख, काय बदललं, पैसे वॉरंटीत का तुमच्या खिशातून. गाडी घेताना "काम समाधानकारक" वर सही मागतात, तिथं ट्रायल न घेता सही नको. आणि ट्रायल रिकाम्या गाडीची वर्कशॉपच्या आवारात नको, त्यांचा माणूस शेजारी बसवून लोड घालून चढावर. नाही म्हणाले तर "लोड ट्रायल दिली नाही" असं लिहून सही.

जुने कागद हरवले असले तरी घाबरू नका. गाडीची सर्व्हिस हिस्ट्री त्यांच्या सिस्टीमला असते, ती मेल करून मागा, चासी नंबर टाकून. तोंडी किंवा फोनवर मागू नका, मेलच करा, पोराकडून करून घ्या. तुमच्या फोनमध्ये त्या त्या दिवशीचे कॉल, लोकेशन, पेमेंटचे मेसेज, डॅशबोर्डचे फोटो असतील, त्यावरून एका वहीत तारीखवार मांडणी करा. गाडी पडून होती तेव्हा दुसऱ्याची गाडी भाड्याने लावली असेल तर त्याची पावती, त्या दिवसांची वाशीची पट्टी, हे पण त्याच फाइलला. नुकसान सांगून मिळत नाही, दाखवावं लागतं.

ते "डिझेल खराब" प्रकरण मात्र मला पटलं नाही. डिझेल खराब असेल तर कशावरून, सॅम्पल कुठाय, फिल्टरमध्ये पाणी निघालं का, त्याचा फोटो आहे का, हे त्यांनी लेखी द्यायला हवं. फिल्टर आणि ऑइल झिजणारं सामान म्हणून बऱ्याचदा वॉरंटीत येत नाही हे खरं, त्यामुळं बिल बघा नुसतं त्याचंच आहे का त्यात मजुरी आणि "डायग्नोसिस चार्ज" पण घुसवलाय. तुम्ही ड्रममधलं डिझेल घालत असाल तर ते बंद करा, पंपाचं पक्कं बिल घ्या आणि ठेवा.

आता पिवळी पाटी. हा गैरसमज इतका पसरलाय की वाटतं शोरूमवालेच पसरवतात की काय. कायदा असं म्हणतो की व्यापारी कारणासाठी वस्तू घेणाऱ्याला ग्राहक म्हणता येत नाही, बरोबर, पण त्याच कायद्यात खाली खुलासा आहे की माणसाने स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरायला वस्तू घेतली आणि स्वतः वापरली तर ते व्यापारी कारण नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही तो खुलासा आहे. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या केसमध्ये रिक्षा, टॅक्सी, ट्रक अशीच उदाहरणं घेऊन सांगितलंय की स्वतः चालवणारा माणूस ग्राहक आहे, मदतीला एखाद-दुसरा माणूस ठेवला म्हणून तो ग्राहक राहायचा थांबत नाही. पण गाडी फक्त दुसऱ्यानेच चालवायची असेल तर मात्र अडचण. तुम्ही लिहिलंय सीझनला चुलतभावाचा पोरगा चालवतो, ते चालेल, मुख्य चालक तुम्ही असल्याचं दिसलं पाहिजे. तुमचं लायसन, आरसी, शोरूमचं बिल कुणाच्या नावावर आहे बघा. "अमुक ट्रेडर्स" अशा नावाने बिल असेल तर वकिलाला आधी ते सांगा. आणि पुढच्या वर्षी दुसरी पिकअप घेऊन तिच्यावर ड्रायव्हर ठेवायचा विचार आहे म्हणता, तो ठेवा, पण तेव्हा हे संरक्षण तितकं पक्कं नसेल एवढं ध्यानात असू द्या.

मावसभाऊ सांगतो ते खरंय, अमेरिकेत लेमन लॉ आहेत, कॅलिफोर्नियातला मूळ कायदा तर १९७० चा. ठरावीक प्रयत्नांत गाडी दुरुस्त झाली नाही तर कंपनीने बदलून द्यायची किंवा पैसे परत. आपल्याकडं तसा वेगळा कायदा नाही. त्यामुळं "नवी गाडीच पाहिजे" या हट्टाने गेलात तर निराश व्हाल. सुप्रीम कोर्टाचा २००६ चा एक निकाल आहे, कारच्या क्लचचा, त्यात म्हटलं की पार्ट बदलून दोष जात असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येणार नाही, भरपाई मिळेल. उत्पादनातच दोष आहे हे सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो, नुसतं वारंवार वर्कशॉपला नेली एवढ्यावर बऱ्याच केसेस पडल्यात.

पण हे ऐकून हात टेकू नका, कारण तुमच्याकडं दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तुम्ही त्यांची एकच मोळी बांधलीय. एक, गाडीत दोष आहे. दोन, वॉरंटीत असताना तीच तक्रार घेऊन परत परत गेलो, कारण शोधलं नाही, गाडी दिवसेंदिवस अडकवून ठेवली, चुकीचे पैसे घेतले. दुसरी झाली सेवेतली त्रुटी. ती सिद्ध करायला जाळी प्रयोगशाळेत पाठवावी लागत नाही, ती बऱ्यापैकी जॉबकार्डांवरूनच दिसते. म्हणून मी मघापासून कागद कागद करतेय. मागणी पण तशीच मांडा : मूळ कारण लेखी सांगा, लागेल तो पार्ट वॉरंटीत बदला, त्या पार्टला नव्याने वॉरंटी द्या, घेतलेले पैसे परत करा, बुडालेल्या दिवसांची भरपाई द्या. दोष जातच नसेल तर बदली किंवा परतावा, हे शेवटी पर्याय म्हणून. अशा मागणीवर कंपनी बोलायला बसते, "गाडी बदलून द्या नाहीतर बघतो" वर बसत नाही.

कुणाकडं जायचं, तर काउंटरवरच्या पोराशी भांडणं आधी थांबवा, त्याच्या हातात काही नसतं. वर्क्स मॅनेजरला भेटा, तिथं नाही झालं तर कंपनीच्या (शोरूमच्या नाही, गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या) कस्टमर केअरला मेल, तक्रार नंबर घ्या आणि एरिया सर्व्हिस मॅनेजर गाडी बघायला कधी येणार ते विचारा. शोरूम आणि कंपनी दोन वेगळे धंदे आहेत, एकमेकांवर ढकलतात, म्हणून दोघांना एकाच मेलमध्ये घ्या. त्याच वेळी कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकून तुमच्या मॉडेलला रिकॉल (दोषामुळं कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं) आहे का बघा, एप्रिल २०२१ पासून सरकारी रिकॉलचीही सोय आहे, परिवहनच्या पोर्टलवर मालक तक्रार नोंदवू शकतो. तुमच्या भागात हीच गाडी घेतलेले आणखी लोक असतीलच, मार्केटच्या रांगेतच भेटतील. त्यांच्या गाडीला पण हाच दिवा असेल तर सगळ्यांची जॉबकार्डं एकत्र करा, एकट्याची रडगाथा आणि दहा जणांचे कागद यात फार फरक पडतो. सारख्याच हिताचे ग्राहक एकत्र तक्रारही करू शकतात.

पंधरा-वीस दिवस वाट बघूनही हलले नाहीत तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, ती मराठीतही बोलते आणि बऱ्याच वेळा तेवढ्यावरच कंपनीचा फोन येतो. मग शोरूम आणि कंपनी दोघांना लेखी नोटीस, पोस्टाने, पोचपावती सांभाळून. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीची किंमत पन्नास लाखांच्या आत म्हणजे जिल्ह्यालाच चालतं, दहा ते वीस लाखांच्या किमतीला फी फक्त ४०० रुपये, आणि २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस चेन्नईला असो का आणखी कुठं. आता ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही होते. मुदत दोन वर्षं. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकालाचं लिहिलंय, प्रत्यक्षात जास्त लागतो, मध्येच मध्यस्थीने मिटवायचा मार्ग असतो, तो झिडकारू नका. ग्राहक पंचायतीच्या लोकांना आधी फाइल दाखवा, ते चांगलं मार्गदर्शन करतात, वकिलाकडं त्यानंतर.

जाळी काढायचं मात्र डोक्यातून काढा. मेकॅनिक खोटं बोलत नाही, दिवा खरंच बंद होईल, गाडी पळेल पण. पण कंपनीने बसवलेलं प्रदूषणाचं सामान काढणं म्हणजे गाडीत बेकायदा बदल, मोटार वाहन कायद्यात मालकाला त्यासाठी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. ते एकवेळ बाजूला ठेवू. ज्या दिवशी जाळी काढली त्या दिवशी तुमची वॉरंटीची केस संपली, कंपनीला हवंच असतं असं काहीतरी. वर फिटनेसच्या वेळी कोण काय बघेल याची धाकधूक. आणि तो धूर सगळ्यात आधी क्रेट उचलणाऱ्या तुमच्याच माणसांच्या छातीत जातो.

गाढवांची वरात... बघा, मला हसू आलं आणि मोह मलाही झाला. फोटो व्हायरल होईल, दोन दिवस शोरूमवाले गोड बोलतील. तिसऱ्या दिवशी तुमच्याकडं परत तेच असेल, तारखा नसलेली तक्रार. वर व्हिडिओत कुणी "चोर, लुटारू" म्हणालं की ते उलटी नोटीस पाठवायला मोकळे. सोशल मीडियावर लिहायचंच असेल तर तारीख, रीडिंग, जॉबकार्ड नंबर, काय केलं, एवढंच लिहा. विशेषणं नकोत. गाढवांना तर मुळीच नको, त्यांनी काय पाप केलंय.

हप्ते बंद करणं हा सगळ्यात वाईट मार्ग. फायनान्सवाल्याचा आणि गाडीच्या बिघाडाचा कागदावर काही संबंध नाही, त्याने पैसे दिले, त्याचं काम झालं. दोन-तीन हप्ते थकले की गाडी उचलायला माणसं येतील, सिबिल खराब होईल, आणि ज्या गाडीबद्दल भांडताय ती ताब्यात नसताना तज्ज्ञाला काय दाखवणार? हप्ता जड जात असेल तर आधीच जाऊन मुदत वाढवून मागा, थकल्यावर जाऊ नका.

विकायचं म्हणाल तर आत्ता नको. बोजा आहे, एनओसीशिवाय नावावर होणार नाही, आणि दिवा लागलेल्या गाडीला भाव काय येणार. दिवा पुसून, न सांगता विकली तर घेणारा पण तुमच्यासारखाच कुणीतरी गंठण गहाण टाकून आलेला असेल, ते तुम्हालाच पटणार नाही. दुरुस्ती कागदोपत्री नीट झाली, दोन-तीन महिने लोडला गाडी चांगली पळाली, आणि तरी मन उडालंच असेल, तर मग विका, सर्व्हिस हिस्ट्रीसकट, भावही बरा येईल.

राहिला येडेपणाचा प्रश्न. वडिलांची जुनी गाडी चांगली होती यात शंका नाही, तिला हे जाळी-सेन्सर काही नव्हतं, गावातला कुणीही खोलून बसवू शकत होता. पण तशी गाडी आज शोरूमला नवी मिळतच नाही, म्हणजे तुम्ही जुनी सोडून नवी निवडलीत असं काही झालंच नाही, वडिलांना हे एकदा शांतपणे सांगा. आणि वहिनींना हिशोबात घ्या. गंठण त्यांचं आहे, पत्रात त्यांचं मत मात्र कुठं दिसलं नाही. फाइल लावायचं, मेलच्या तारखा सांभाळायचं काम त्यांना विचारून बघा, बऱ्याच घरांत हे काम बायका जास्त चोख करतात, आणि तुम्ही रात्री वाशीला असताना कस्टमर केअरचा फोन घ्यायला कुणीतरी लागेलच.

एक गोष्ट घाईची आहे. तुम्ही लिहिलंय वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. तुमची गाडी महिन्याला पाच हजार चालते. म्हणजे कॅलेंडरवर बावीस महिने बाकी दिसत असले तरी मीटरवर सहाच महिने उरलेत. कंपनीला पहिला मेल या आठवड्यातच गेला पाहिजे, त्यात आत्ताचं रीडिंग फोटोसकट टाका आणि स्पष्ट लिहा की ही तक्रार वॉरंटीत असताना केलेली आहे आणि अजून सुटलेली नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी तुमच्या गाडीला अजून घेता येते का तेही त्याच मेलमध्ये विचारा, बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी संपल्यावर ती देत नाहीत.